धावणारीच्या ताटात काय आहे?

मराठीत 'डाएट' हा शब्द रुळला तोच मुळी कमी खाण्याचा अर्थ घेऊन. 'ती डाएटवर आहे' म्हटलं की ऐकणारीला कळतं, हिनं भात सोडलाय, रात्री नुसतं सूप पिते, लग्नात जिलबी वाढायला आले की ताटावर हात आडवा धरते. आणि आहारतज्ज्ञ म्हणजे ही उपाशी राहण्याची विद्या पैसे घेऊन शिकवणारी बाई. चळवळीतल्या बऱ्याच जणींच्या मनात या व्यवसायाबद्दल अढी आहे ती यामुळेच, आणि ती अगदीच बिनबुडाची आहे असं मी म्हणणार नाही. वजन उतरवून देणाऱ्या दुकानांनी बायकांना स्वतःच्या शरीराची लाज वाटायला लावली आणि त्या लाजेवर धंदा केला. त्याचा हिशोब कधीतरी सविस्तर मांडायलाच हवा.

आज मात्र मला दुसरंच सांगायचं आहे. गेल्या काही वर्षांत याच व्यवसायातल्या काही जणी रुग्णालयातून आणि वजनकाट्यापासून उठून मैदानाकडे, डोंगराकडे वळल्या आहेत. लांब पल्ल्याचं धावणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या, गडकिल्ले चढणाऱ्या बायकांना काय, किती आणि केव्हा खायचं हे त्या सांगतात. त्यांच्या सांगण्याचा गाभा एवढाच, की बाई, तू पुरेसं खात नाहीस. माझ्या मते हे वाक्य आपलं आहे, स्त्री-चळवळीचं आहे. ते ट्रॅकसूट घालून आलं म्हणून आपण त्याला ओळख दाखवली नाही.

माझी एक मैत्रीण या वाटेनं गेली. तिची वाट थोडी सांगते, कारण ती तिच्या एकटीची नाही. बारावीनंतर घरच्यांनी तिला गृहविज्ञानाला घातलं, का तर 'मुलीला पुढे उपयोगी पडतं'. हा विषय आपल्याकडे आला तोच या समजुतीनं. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं तेव्हा अभ्यासक्रमात गृहव्यवस्था आणि आरोग्य हे विषय होतेच. दिल्लीचं लेडी अर्विन कॉलेज १९३२ साली निघालं तेही गृहविज्ञानासाठीच. बाईला शिकवायचं, पण घर नीट चालावं म्हणून शिकवायचं, ही त्या काळची तडजोड. गंमत अशी की त्याच तडजोडीतून जीवरसायन आणि शरीरक्रियाशास्त्र शिकलेल्या बायकांची एक फळी उभी राहिली. पुढे १९६३ साली आहारतज्ज्ञांची देशपातळीवरची संघटनाही झाली. घर सांभाळायला शिकवलेल्या मुलींनी त्या शिक्षणाचा व्यवसाय केला, हे काही थोडं नाही.

एम.एस्सी. करून मैत्रीण एका मोठ्या रुग्णालयात लागली. काम तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात. वर डॉक्टर, मध्ये ही, हिच्या खाली आचारी आणि वाढपी, अशी उतरंड. डॉक्टरांनी कागदावर 'मीठ कमी' किंवा 'मधुमेहाचं जेवण' असं लिहायचं आणि हिनं ट्रॉलीतली ताटं तपासायची, नळीतून द्यायच्या पातळ आहाराची मापं लावायची. रुग्णाशी बोलायला मिळायची ती घरी सोडण्याच्या दिवशीची पाच मिनिटं. तेव्हा एक छापील कागद हातात द्यायचा. तो कागद कुणाच्या हातात जातो हे ती पाहत होती. रुग्ण पुरुष असला की तो बायकोच्या हातात जायचा. रुग्ण बाई असली की तिच्याच हातात राहायचा. "नवऱ्याला साखर निघाली की घरादाराचा स्वयंपाक बदलतो," ती मला म्हणाली होती, "बायकोला निघाली की ती आपल्यापुरतं काहीतरी वेगळं करते, आणि चार दिवसांनी तेही सोडते."

पगार बेताचा होता. म्हणून ती एका खाजगी क्लिनिकमध्ये गेली. तिथे महिन्याची पॅकेजेस, आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो. समोर येणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांचं वजन कमी करण्याची काही गरजच नव्हती असं ती सांगते. दोन वर्षांत तिला त्या कामाचा उबग आला. त्याच सुमारास ती रविवारी डोंगरात जायला लागली होती. कात्रज ते सिंहगड ही रात्रीची वाट पुण्याकडच्या मंडळींना ठाऊक असेल. टेकड्यांमागून टेकड्या, रात्रभर चढायचं आणि उतरायचं. तिथे तिनं जे पाहिलं ते तुम्हा-आम्हाला नवं वाटायचं नाही. सॅकमध्ये डबे भरून आणले होते बायकांनी. पुऱ्या, लाडू, चटणी, सगळ्यांना पुरेल इतकं. प्रत्येक थांब्यावर त्या डबे उघडायच्या, वाटायच्या, आणि "मला भूक नाही, तुम्ही घ्या" म्हणायच्या. पहाटेच्या उतारावर चक्कर येऊन खाली बसल्या त्याही त्याच. पुरुष मंडळींनी निदान केलं की बायकांचा दम कमी पडतो.

तिथून ती क्रीडा-आहाराकडे वळली. आणखी शिकली, धावणाऱ्यांच्या एका गटाबरोबर काम सुरू केलं. या शाखेला आपल्याकडे फार काळ धड नावही नव्हतं. 'आहारतज्ज्ञ' ही पाटी व्यायामशाळेतला पावडर विकणाराही लावत होता. २०२१ साली आरोग्याशी संलग्न व्यवसायांसाठी केंद्रानं जो कायदा केला, त्याच्या यादीत आहारतज्ज्ञांबरोबर क्रीडा-पोषणतज्ज्ञांचाही उल्लेख आला. कायद्यानं पावडरवाले लगेच नाहीसे होत नाहीत, ते असो.

आता यातलं शास्त्र थोडं समजून घेऊ. १९९२ साली अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या तज्ज्ञांनी खेळाडू मुलींमध्ये एकत्र दिसणाऱ्या तीन गोष्टींना मिळून एक नाव दिलं. खाण्यातली गडबड, पाळी बंद होणं आणि हाडं विरळ होणं. पुढे असं दिसलं की या साखळीचं मूळ बारीक दिसण्याच्या हट्टातच असतं असं नाही. साधा तुटवडाही पुरतो. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी ही कल्पना विस्तारली. हे पुरुषांनाही होतं, आणि हाडं-पाळीपुरतं न राहता रोगप्रतिकारशक्ती, हृदय, मन या सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो असं मांडलं. या सगळ्याच्या मुळाशी एक साधी वजाबाकी आहे. दिवसभरात खाल्लेल्या अन्नाची ऊर्जा घ्यायची, त्यातून व्यायामाला लागलेली वजा करायची. जी उरेल तिच्यात शरीराला आपला संसार चालवायचा असतो: श्वास, रक्ताभिसरण, झीज भरून काढणं, पाळी, हाडं. उरलेली फार थोडी असेल तर शरीर काटकसर सुरू करतं, आणि पहिली कात्री लावतं ती जिच्यावाचून आजचा दिवस निघतो अशा कामांना. मेंदूकडून बीजकोशांना जाणारे संदेश मंदावतात, स्त्री-संप्रेरक कमी तयार होतं, पाळी चुकू लागते. त्या संप्रेरकाच्या आधारावर हाडं घट्ट राहतात, म्हणून त्यामागून हाडांची पाळी येते. नडगीच्या हाडाला बारीक तडे जातात आणि मुलगी 'पाय दुखतो' म्हणत धावत राहते.

आकडे घालून पाहू. पंचेचाळीस किलोची मुलगी धरा. चरबी वगळता तिचं शरीर साधारण छत्तीस किलोचं. तज्ज्ञांच्या मते अशा प्रत्येक किलोमागे व्यायाम वजा जाता पंचेचाळीस उष्मांक उरले तर ठीक, आणि तीसच्या खाली गेलं की धोका. दहा किलोमीटर धावायला तिला सुमारे साडेचारशे उष्मांक लागतात. ती दिवसभरात चौदाशेचं खात असेल तर उरतात साडेनऊशे. भागिले छत्तीस, म्हणजे सव्वीस. चौदाशे म्हणजे काही उपास नव्हे. सकाळी चहा-पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, वरण-भात, संध्याकाळी चहा, रात्री एक भाकरी आणि उरलेली भाजी. चारचौघांत 'नीट जेवते की' असंच कुणीही म्हणेल. धावणारी मुलगी पोट भरलेलं असतानाही उपाशी असू शकते, ही गोष्ट मला स्वतःला या शास्त्रातली सगळ्यात महत्त्वाची वाटते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली जी मानकं दिली, त्यांत बैठं काम करणाऱ्या बाईला १६६० आणि जड काम करणारीला २७२० उष्मांक लागतात असं धरलं आहे. फरक हजाराहून जास्त, म्हणजे एका पूर्ण जेवणाहून मोठा. लोह पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम आणि बाईला २९. आता घराघरांतलं वाढणं आठवा. जिला लोह दीडपट लागतं तिच्या वाट्याला मटणातला रस्सा येतो, तुकडे दुसरीकडे जातात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात ५४ टक्क्यांच्या आसपास. धावायला उतरणाऱ्या मुली काही या आकड्यांच्या बाहेरून येत नाहीत. फुप्फुसातला प्राणवायू पायापर्यंत नेणारं वाहनच ज्यांच्याकडे अपुरं आहे, त्यांना प्रशिक्षक म्हणतो, जिद्द कमी पडतेय.

जिद्द नव्हे तर ताट कमी पडतं, याची साक्ष मोठमोठ्या खेळाडूंनी दिली आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. आपल्या पिढीनं ही गोष्ट नशिबाची म्हणून ऐकली. पुढे कितीतरी वर्षांनी तिनंच सांगितलं की, तिथल्या क्रीडाग्रामातलं जेवण तिला जमेना आणि भाताची पेज व लोणचं यावर दिवस काढावे लागले, त्याचा परिणाम शेवटच्या काही मीटरांवर झाला. बत्तीस वर्षांनी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन संपवताच ओ. पी. जैशा कोसळली. वाटेतल्या भारताच्या टेबलांवर आपल्याला पाणी मिळालं नाही असं ती म्हणाली, आणि ॲथलेटिक्स महासंघानं ते नाकारलं. खरंखोटं कसंही असो, बेचाळीस किलोमीटर धावणाऱ्या बाईच्या घोटभर पाण्याची जबाबदारी कुणाची, यावर वाद व्हावा हेच बोलकं आहे.

आता आपल्या घरातली गोष्ट. मी वर जी वजाबाकी सांगितली ती क्रीडाशास्त्रानं मांडण्याआधी स्त्री-चळवळीच्या आसपासच्या लोकांनी मांडली होती. १९८२ साली श्रीलता बाटलीवाला यांनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये ग्रामीण भागातली ऊर्जाटंचाई आणि पोषण यांवर लेख लिहिला. कर्नाटकातल्या खेड्यांमधली आकडेवारी घेऊन त्यांनी दाखवलं की, तिथे खर्ची पडणाऱ्या एकूण मानवी श्रमात बायकांचा वाटा ५३ टक्के, पुरुषांचा ३१ आणि मुलांचा १६. पाणी, सरपण, दळणकांडण, शेत हे सगळं धरून. मग त्यांनी विचारलं, या खर्चाच्या मानानं तिच्या पोटात किती जातं? तिला जास्त अन्न देता येत नसेल तर निदान तिच्या डोक्यावरचं सरपण तरी कमी करा, असा त्यांचा व्यवहारी सूर होता. डोंगर चढणाऱ्या हौशी बाईचा आणि हंडा वाहणाऱ्या बाईचा हिशोब एकच आहे. फरक इतकाच की पहिलीच्या मनगटावर तो मोजणारं घड्याळ आहे.

माझं काम ज्या तालुक्यात चालतं तिथे तिसऱ्याच प्रकारची बाई मला रोज दिसते. पहाटे पाचला डांबरी रस्त्याच्या कडेनं पोरी धावत असतात. ओढणी कमरेला बांधलेली, कुणाच्या पायात भावाचे बूट. या पोलीस भरतीच्या पोरी. महाराष्ट्रात १९९४ च्या महिला धोरणापासून शासकीय नोकऱ्यांत बायकांसाठी तीस टक्के जागा राखीव झाल्या, आणि गावातल्या मुलीच्या डोळ्यांपुढे खाकी वर्दी आली. मैदानी परीक्षेत मुलींना आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. उंची १५५ सेंटिमीटर हवी. ही उंची लहानपणीच्या ताटातून येते हे बाजूला ठेवू. पण आठशे मीटरसाठी वर्ष-दोन वर्षं ही मुलगी दोन वेळा सराव करते. कवितापासून ललितापर्यंत अनेक जणी माणदेशातून, आदिवासी पाड्यांतून पुढे आल्या असं आपण कौतुकानं सांगतो. मोहीच्या ललिता बाबरनं २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीत धाव घेतली, सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पदक आणलं. खरंच अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या दोघींकडे बोट दाखवून बाकीच्या शेकडो जणींना आपण उपाशी धावायला सांगत नाही ना, हे तपासायला हवं.

त्या मुलींशी आम्ही बोललो. सकाळी रिकाम्या पोटी धावायचं, कारण 'खाल्लं की पोटात दुखतं'. आल्यावर चहा आणि खारी. मग घरचं काम, मग क्लास. साडेदहा-अकराला पहिलं जेवण. संध्याकाळी पुन्हा सराव, आल्यावर स्वयंपाकाला हात लावायचा आणि सगळ्यांच्या नंतर जेवायचं. एका घरात बहीण-भाऊ दोघंही तयारी करतात. त्याला रोज दोन अंडी आणि दूध, डब्यातली पावडरही आणली होती. तिला का नाही असं विचारलं तर आई म्हणाली, "तिची फी भरली की." आई कठोर नाही. दोन अंड्यांचीच सोय आहे आणि ती कुणाला द्यायची हे त्या घरात कधीच ठरून गेलंय. त्याच गटातली एक मुलगी हसत म्हणाली, चार महिने पाळी आली नाही, बरंच झालं, कटकट नाही. प्रशिक्षकालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. 'सराव चांगला चाललाय याची खूण' असं मानणारे प्रशिक्षक मला आणखीही भेटलेत. दुसरीकडे, पाळी चुकली म्हणून एका मुलीच्या आईनं तिचं धावणंच बंद केलं, वेगळ्याच संशयानं. दोन्हीकडे त्या मुलीला कुणी विचारलं नाही की, बाई, तू दिवसभरात खातेस काय?

इथे माझी मैत्रीण आणि मी यांचं भांडण होतं. ती मुलींसाठी तक्ता करून द्यायला तयार असते. मी तिला म्हणते, समुपदेशन म्हणजे तक्ता नव्हे. शहरात पाचशे-हजार रुपये देऊन समोर बसलेल्या बाईच्या हातात निदान तिच्या स्वयंपाकघराच्या चाव्या असतात. या मुलीच्या हातात नसतात. तिच्याशी बोलायचं तर तिच्या आईशी, आजीशी, मेसवाल्याशीही बोलावं लागेल. मैत्रिणीला हे पटलं तसं तिनं एक बदल केला. बदाम, ओट्स, केळ्यांची स्मूदी हे सगळं तिनं कागदावरून काढलं. त्याऐवजी धावण्याआधी अर्धं केळं किंवा गुळाचा खडा आणि चार शेंगदाणे. आल्यावर अर्ध्या-एक तासात खरं जेवण: रात्रीची भाकरी दुधात कुस्करून, किंवा शेंगदाण्याची चटणी आणि दही घालून. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात, नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना. चहा जेवणाबरोबर नको, कारण तो लोह शोषू देत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा, कारण ते लोह शोषायला मदत करतं. लांब चालायचं असेल तर तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्ट-साखर पोटात जायला हवी. म्हणजे एक मोठं केळं आणि राजगिऱ्याचा एखादा लाडू. आपल्या आज्या प्रवासाला दशमी आणि गूळपापडीच्या वड्या द्यायच्या, त्या हेच काम करत होत्या. पेढीवरच्या चकचकीत पुडीत तेच 'एनर्जी बार' म्हणून चौपट किमतीला मिळतं.

पाण्याचं काय? याविषयी क्रीडा-आहाराच्या पुस्तकांत बरंच असतं, पण एक गोष्ट नसते. या मुली सरावाआधी पाणी पीत नाहीत, कारण मैदानावर संडास नाही. असला तरी कुलूप, किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई नऊला येतो. डोंगरात जाणाऱ्या शहरी बायकाही हेच करतात, फक्त बोलत नाहीत. पाळीच्या दिवसांत तर सकाळपासून घोटही घेत नाहीत. उन्हाळी लागणं, डोकं दुखणं, चक्कर, हे मग 'उन्हामुळे' होतं. आणि याच्या नेमकं उलट टोक शहरातल्या शर्यतींत दिसतं. तिथे 'भरपूर पाणी प्या' हा उपदेश इतका झाला की हळू धावणाऱ्या, लहान चणीच्या बायका चार-पाच तासांत पोटात पाणीच पाणी ओतून घेतात आणि रक्तातलं मीठ घसरतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी शंभरात तेरा जणांचं रक्तातलं सोडियम कमी झालेलं होतं. तहानेप्रमाणे प्यावं, लांबच्या शर्यतीत पाण्याबरोबर मीठ-साखर जावी, ही साधी गोष्ट. मीठ घातलेलं लिंबू-सरबत, कोकम, ताक, नाहीतर दवाखान्यातलं जलसंजीवनीचं पाकीट. पण मैदानावरचा संडास काही कुठल्या तक्त्यात बसत नाही. ते मागायला मोर्चाच न्यावा लागतो, आणि मोर्चा न्यायला आपल्याला येतं.

काही जणी म्हणतील, पुन्हा बाईचं शरीर मोजायचंच ना? किलो, ग्रॅम, उष्मांक, पाळीच्या तारखा, आणि हे सगळं प्रशिक्षकाच्या वहीत? ही शंका रास्त आहे. प्रशिक्षक पुरुष असतो, मुली पंधरा-सोळाच्या असतात, आणि मैदानावरच्या छळाच्या तक्रारी आपल्या केंद्रांवर येतात. म्हणून माझं मत असं की, पाळीची नोंद मुलीनं स्वतःच्या वहीत ठेवावी, आणि वजनकाटा मैदानावर असूच नये. दर आठवड्याला रांगेत उभं करून वजनं मोठ्यानं वाचणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. त्यानं वेग वाढलेला मला कधी दिसला नाही. मुली रात्रीचं जेवण मात्र सोडतात.

दुसरी शंका ऐपतीची. जिथे घरातच सगळ्यांना पुरत नाही तिथे हिला जास्त कुठून द्यायचं? हे खरं आहे, आणि कुठलीही आहारतज्ज्ञ याचं उत्तर एकटी देऊ शकत नाही. रेशनवर डाळ आणि तेल हवं ही आपली मागणी जुनी आहे. शाळेच्या पोषण आहारात महाराष्ट्रानं २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं सुरू केलं आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबवला. शाळेत मिळणारं अंडं मुलाला आणि मुलीला सारखंच मिळत होतं. घरात आणलेल्या अंड्याचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. तो निर्णय झाला तेव्हा आपल्या संघटनांचा आवाज जेवढा यायला हवा होता तेवढा आला नाही असं मला वाटतं. हिंसा, रोजगार, संपत्तीचा हक्क या कामांच्या गर्दीत ताटाचा प्रश्न मागे राहतो. पण नोकरीसाठी धावणारी मुलगी उपाशीपोटी पाय मोडून घरी बसते तेव्हा तो रोजगाराचाच प्रश्न असतो, आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न लावून देतात तेव्हा तो आणखी कशाकशाचा होतो.

म्हणून मला वाटतं, गावोगावच्या आपल्या गटांनी भरतीच्या अकॅडम्यांकडे जावं. त्या आता तालुक्या-तालुक्यात आहेत, मुलींच्या वसतिगृहासकट. जाताना जवळच्या गृहविज्ञान महाविद्यालयातल्या प्राध्यापिकांना, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनींना बरोबर न्यावं. त्यांनाही रुग्णालय आणि वजनाचं क्लिनिक यांपलीकडे काम असतं हे कळेल. मुलींचं हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावं आणि गोळ्या मिळवाव्यात. पालकांच्या बैठकीत वजाबाकी फळ्यावर करून दाखवावी, बाप लोकांना आकडे लवकर पटतात. आणि मेसवाल्याला विचारावं.

आमच्याकडच्या एका अकॅडमीत आम्ही विचारलं. सराव साडेसातला संपतो आणि मेसचं पहिलं जेवण साडेदहाला. मधले तीन तास कशासाठी, तर स्वयंपाकाला येणाऱ्या बाईला आपल्या घरचं आवरून नऊच्या आधी निघता येत नाही. ती स्वतः कधी जेवते हे आम्ही तिला विचारलं तर ती म्हणाली, पोरींचं झालं की. सध्या तोडगा असा निघालाय की रात्रीच जास्तीच्या भाकरी करून ठेवायच्या, सकाळी ताक आणि शेंगदाण्याची चटणी मुलींनी आपली आपण घ्यायची, आणि बाईच्या पगारात रात्रीच्या त्या जास्तीच्या तासाची भर घालायची. पहिल्या दोन गोष्टी सुरू झाल्या आहेत. पगाराचं संचालक 'बघू' म्हणालेत, तेव्हा पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत.